मीटरवरचे तीस

माझ्या भावाच्या ट्रकला मोठे टायर बसले आणि बीड आमच्या गावाजवळ आलं. थट्टा नाही करत. आमच्या वस्तीपासून बीडच्या मोंढ्यापर्यंत मीटरवर जेवढे किलोमीटर वर्षानुवर्षं पडायचे, त्यापेक्षा पाच-सहा कमी पडायला लागले. रस्ता तोच, वडवणीतली गर्दी तीच, वाटेतलं चहाचं हॉटेलही तेच, आणि तरी बीड अलीकडे सरकलं होतं. भावानं हे ओट्यावर बसून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, ‘‘अजून मोठे टायर नको रं बाबा घालू. पुणं जवळ येईल. माझी नणंद तिकडंच बरी हाय.’’

भाऊ हसला नाही, कारण त्याचं दुखणं वेगळं होतं. किलोमीटर कमी पडत होते तर डिझेलही कमी लागायला पाहिजे होतं, पण हिशोबाला बसलं की गाडी उलट जास्तच पीत होती. आबा, म्हणजे आमचे वडील, कोपऱ्यात सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला.

‘‘किलोमीटर कमी अन् डिझेल जास्त?’’ त्यांनी विचारलं.

‘‘व्हय.’’

‘‘टायर बदलल्यापासूनच?’’

‘‘व्हय की, आबा. तवापासूनच.’’

त्यानंतर अडकित्ता पुन्हा चालला नाही. मला वाटलं, सुपारी संपली असेल.

माझं तेलगावात शिवणकामाचं दुकान आहे. सासर तेलगावात आणि माहेर जवळच्या वस्तीत, त्यामुळे माझा एक पाय कायम माहेरी असतो. त्यावरून सासूबाई काय बोलतात ते इथं नको. सांगायचं ते एवढंच, की मापाच्या बाबतीत मी फार तापट आहे. कुणी जुना ब्लाउज आणून ‘ह्याच्यापेक्षा जरा सैल’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. जरा म्हणजे किती? एक बोट की दोन बोटं? म्हणून भाऊ जेव्हा म्हणाला, ‘‘टायर काय, जरासंच मोठं हाय,’’ तेव्हाच मी मनात ठरवलं, ह्या टायरला एकदा टेप लावायचा.

एरवी मीटर चुकलं म्हणून कुणाचं काही बिघडत नव्हतं. शेतातून ऊस काढून कारखान्यावर न्यायचा, त्यात मीटरकडे बघतं कोण? मोठे टायरही त्याच कामासाठी घातले होते. काळ्या रानातून भरलेली गाडी बांधावरून काढताना ट्रकचं पोट घासायचं, म्हणून भावानं रिंगांसकट मोठी चाकं बसवून घेतली आणि गाडी वर उचलली गेली. पण त्याच सुमारास वस्तीचं नवं विहार बांधून पुरं झालं, आणि त्यात बसवायची दगडी बुद्धमूर्ती नगरकडच्या एका मूर्तिकाराकडे तयार होती. मूर्ती बसलेली, उजवा हात वर केलेला, तळवा आपल्याकडे, भिऊ नका असं सांगणारा. ती आणायला वस्तीत ट्रक एकच होता, आमचा.

मूर्तिकारानं फोनवर एकच अट घातली. गाडी तीसच्या वर न्यायची नाही. वर केलेल्या हाताची बोटं नाजूक आहेत, तीसच्या वर गेलात तर मी जबाबदार नाही.

विहारात बैठक चालू होती आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला होता. ‘तीस’ हा आकडा कानावर पडला आणि सगळे खालची सतरंजी बघायला लागले. कुणीही आबांकडे पाहिलं नाही. इतक्या माणसांनी एकाच वेळी एका माणसाकडे न पाहणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी मला कळलं.

कारण ही अट आम्ही आधी ऐकलेली होती. मी शाळेत होते तेव्हा वस्तीनं पहिली मूर्ती आणली. प्लास्टरची, अशीच बसलेली, असाच हात वर केलेली. आणली आबांनीच, त्यांच्या तेव्हाच्या जुन्या ट्रकमधून. त्या वेळच्या मूर्तिकारानंही सांगितलं होतं, तीसच्या वर नको. गाडी वस्तीत शिरली तेव्हा बाया पांढऱ्या साड्या नेसून, हातात फुलं घेऊन उभ्या होत्या. मी पुढं घुसून ट्रकच्या मागच्या फाळक्याला लटकले होते. वरचा पेंढा बाजूला केला, आणि वर केलेल्या हाताची तीन बोटं खाली पेंढ्यात पडलेली निघाली. लिंबागणेशच्या अलीकडे एका गतिरोधकावर गाडी आदळली होती, एवढंच आबांना सांगता येत होतं.

तेव्हा आत्यानं, म्हणजे आबांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं, सगळ्यांदेखत विचारलं, ‘‘कितीनं आणली रं?’’

आबा म्हणाले, ‘‘तीसनं. काटा तीसच्या वर गेलाच न्हाई, आक्का.’’

आत्या म्हणाली, ‘‘तीसनं आली असती तर बोटं हातालाच असती.’’

झालं, एवढंच. शिवी नाही की भांडण नाही. बोटं पुन्हा चिकटवली, वरून रंग दिला, जोड मात्र दिसत राहिले. आबा तरुणपणी गाडी जोरात हाणायचे हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक, त्यामुळे तीस हा आकडा त्यांच्या तोंडी कुणाला खराच वाटला नाही. परक्यानं म्हटलं असतं तर आबांनी गचांडी धरली असती. पण आपलेच दात अन् आपलेच ओठ. आत्या तर नवरा गेल्यापासून माहेरीच, आमच्या शेजारच्याच घरात. त्या दिवसानंतर दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. आबा विहारात रोज जायचे, पण वंदनेला त्यांची नजर मूर्तीच्या पायांवर असायची. हाताकडे पाहताना मी त्यांना कधी बघितलं नाही. आणि घरात आम्ही भावंडं खोटं बोलताना सापडलो तरी ते रागवत नसत, उठून बाहेर जात. खोटारडा ठरलेल्या माणसानं दुसऱ्याला काय बोलायचं, असं त्यांना वाटत असावं. मला त्यांच्या त्या उठून जाण्याचा फार राग यायचा, आणि रडूही यायचं.

तर बैठकीत शेवटी आबाच बोलले. ‘‘मूर्ती पोरगा आणंल. मी न्हाई आणणार. पण आधी गाडीचं मीटर नीट करा.’’

भाऊ म्हणाला, ‘‘आबा, मोबाईलवर खरं स्पीड दिसतंय की. मीटर तीस दावतंय तवा मोबाईल चौतीस दावतो. मी मीटरवर चार कमीच ठिवीन. कशाला खटाटोप?’’

‘‘भ्या वाटलं की बेरीज-वजाबाकी इसरती,’’ आबा म्हणाले. ‘‘डायवरची नजर ज्या काट्याकडं जाती, त्या काट्यानंच खरं बोलाय पायजे.’’

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असं कुणीतरी मागं पुटपुटलं. मी वळून असं काही बघितलं, की त्यानं मोबाईलमध्ये डोकं घातलं.

बीडला ट्रकच्या गॅरेजांच्या ओळीत एक मीटरवाला आहे. टपरीएवढं दुकान, आणि भिंतीवर छतापर्यंत उघडी पडलेली मीटरं. आम्ही तिघं गेलो, भाऊ, आबा आणि मी. माझा सगळा अभ्यास तयार होता. नव्या टायरला मी भोवतीनं टेप लावला होता. टेप साठ इंचाचा, टायर त्याच्या दुप्पट, म्हणून खडूनं खूण करकरून माप घेतलं होतं, आणि ते मी मोठ्या तोऱ्यात त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हसायला लागला.

‘‘ताई, ही तर टायरची कंबर झाली. मला कंबर नको, पाऊल पायजे. एका फेऱ्यात चाक जमिनीवर किती पुढं जातं, ते आणा. अन् रिकाम्या गाडीनं न्हाई बरं का. जेवढं वजन घिऊन जाणार, तेवढं वजन टाकून. ओझं पडलं की टायर खाली दबतंय.’’

दुसऱ्या कुणी असं हसलं असतं तर मी सोडलं नसतं. पण हे मला तिथल्या तिथं पटलं. उभ्या बाईचं माप घेऊन शिवलेला परकर ती बसली की काचतो, हे मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकले आहे. आणि टायरला मात्र उभं करून माप घेऊन आले होते! मी माझ्यावरच हसले, आणि मग त्याला सगळंच विचारायला लागले.

त्यानं सांगितलं ते ऐकून मी खरोखर थक्क झाले. ट्रकच्या गिअरबॉक्सपाशी एक सेन्सर असतो. तो फक्त फेरे मोजतो. चाक इतकं फिरलं, इतकं फिरलं, एवढंच मीटरला सांगत राहतो. चाक केवढं आहे हे त्याला माहीतच नसतं. कंपनीनं जुन्या चाकाचं माप एकदा मीटरच्या डोक्यात घालून दिलं, की मीटर जन्मभर तेच धरून बसतं. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात जास्त जमीन मागं पडायला लागली, तरी मीटर जुन्याच पावलानं रस्ता मोजतं. म्हणून बीड जवळ आलं, म्हणून डिझेल वाढल्यासारखं वाटलं, आणि म्हणूनच काटा तीसवर असताना गाडी चौतीसनं पळत होती. रस्ता कुणी मोजतच नाही! मला इतकी वर्षं वाटायचं की मीटरला रस्ता कळतो. परत येताना मी खिडकीतून कपाशीची रानं बघत होते आणि मनात सारखं तेच येत होतं, की एवढी मोठी जमीन आपल्याला कळते ती फक्त आपल्या चाकाएवढी.

उपाय सोपा होता. सेन्सर आणि मीटर यांच्या मधे एक लहानशी डबी बसवायची. डबीत नवं माप भरलं, की ती फेरे त्या हिशोबानं वाढवून पुढं पाठवते. फक्त माप खरं पाहिजे, आणि ते मूर्तीच्या वजनाखाली घेतलेलं पाहिजे.

मूर्ती सव्वा टनाची. भाऊ म्हणाला, खडीच्या ढिगातले दगड टाकू गाडीत. आत्या ओट्यावर ज्वारी निवडत होती. पाठीत वाकली आहे, पण जीभ तेवढीच सरळ.

‘‘बुद्धाच्या वजनाला दगड कावून?’’ ती म्हणाली. ‘‘आमी काय मेलो?’’

पुढच्या रविवारी सकाळी विहारापुढं ट्रक उभा राहिला आणि वस्ती त्यात चढायला लागली. फाळका पाडून स्टूल लावलं. म्हाताऱ्या बायांना खालून ढकलून आणि वरून ओढून घेतलं, त्यात एकीचा पदर खिळ्यात अडकून फाटला आणि तिनं मला तिथूनच ओरडून सांगितलं, की शिवून द्यायचा, अन् फुकट. निवृत्त गुरुजी आले. बीडला नोकरीला असणारी आणि रविवारची घरी आलेली मंडळी पँटला धूळ लागेल म्हणून आधी कडेला उभी राहिली, मग दाटीत सरळ खाली बसली. हसणं चालू होतं, एकमेकांचं वजन काढणं चालू होतं. ‘‘वहिनी, तुमी मधी बसा, न्हाईतर गाडी कलंडंल.’’ ‘‘तुझी बायकू बसली की दुसऱ्या अंगाला.’’

रस्त्याच्या कडेला ऊस मोजायचा वजनकाटा आहे, हाकेच्या अंतरावर. भावानं ट्रक माणसाच्या चालीनं तिथं नेला. काटेवाला गावातल्या शेतकऱ्याच्या घरचा, जन्म गेला त्याचा उसाच्या गाड्या मोजण्यात. आमची रिकामी गाडी किती भरते ते त्याला तोंडपाठ होतं. खिडकीतून डोकं काढून त्यानं सवयीनं विचारलं, ‘‘माल काय?’’

आत्यानं ट्रकमधून उत्तर दिलं, ‘‘बुद्ध.’’

त्यानं ट्रककडे बघितलं, दाटीवाटीनं बसलेल्या सगळ्यांकडे बघितलं, आणि आपल्या काट्याकडे वळला. आकडे बघून म्हणाला, ‘‘थोडं कमी पडतंय. एक माणूस पायजे.’’

या वेळी मात्र सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. ते काट्याच्या बाहेर जमिनीवर, हात मागं बांधून उभे होते. सकाळपासून ते चढले नव्हते. ‘‘इकडंतिकडं चालतंय,’’ ते म्हणाले. ‘‘मीटरवाल्यानं सांगितलंय.’’

‘‘चालत न्हाई,’’ आत्या म्हणाली. ‘‘चढ वर.’’

आबांनी मागं बांधलेले हात सोडले. मग चाकावर पाय देऊन, या वयातही कुणाचा हात न घेता, वर चढले आणि फाळक्याला टेकून अगदी कडेला बसले. काटेवाला ओरडला, ‘‘भरलं!’’

मी खाली उभी होते, हातात भिजवलेल्या चुन्याची बादली घेऊन. मी खालून वर पाहिलं. कालपर्यंत सव्वा टन हा माझ्यासाठी नुसता आकडा होता. आता तो समोर बसला होता. सुरकुतलेले हात, फाटलेला पदर, गुरुजींचा चष्मा, आणि कडेला टेकलेले माझे आबा. एक बुद्ध व्हायला एवढे सगळे लागले, आणि आबांशिवाय तो पुरा झाला नाही. मला रडू आलं, आणि चुना डोळ्यात गेला असं सांगून मी वेळ मारून नेली.

विहारापुढच्या मैदानात मी मागच्या चाकावर चुन्याची जाड आडवी रेघ ओढली. भावानं गाडी सोडली, सावकाश. चाक एकदा फिरलं आणि जमिनीवर पांढरी रेघ उमटली. पुन्हा फिरलं, पुन्हा रेघ. ट्रकमधलं हसणं बंद झालं. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळे वाकून मागं पाहायला लागले. पाच फेऱ्यांनंतर चुना पुसट झाला आणि भावानं गाडी थांबवली. मी गुडघ्यांवर बसून रेघेपासून रेघेपर्यंत टेप लावत गेले. पहिलं अंतर, दुसरं, तिसरं. सुताचाही फरक नाही. जमीन उंचसखल, माणसं हलणारी, गाडी जुनी, आणि तरी पाऊल एकसारखं! एवढ्या वर्षांत एवढं नेमकं माप मला कुठल्या गिऱ्हाइकाचं मिळालं नाही.

मान वर केली तेव्हा आबा उतरून माझ्या मागं उभे होते. ते रेघांकडे पाहत नव्हते. मैदानाच्या कडेला पिंपळ आहे. त्याच्याभोवती आबांच्या जुन्या ट्रकचे टायर अर्धे जमिनीत पुरून कड केलेली आहे, लहानपणी आम्ही त्यांच्यावरून तोल सांभाळत पळायचो. आबा त्या टायरांकडे पाहत होते.

दोन दिवसांनी आम्ही तिघं पुन्हा बीडला गेलो, मीटरवाल्यानं डबी बसवली आणि माप भरलं. निघताना आबांनी त्याला विचारलं, तसं सहज विचारल्यासारखं, ‘‘पहिल्या गाड्यांना सेन्सर नव्हता. केबलचं मीटर असायचं. त्याचं बी असंच व्हतं का?’’

‘‘केबल बी फेरेच मोजायची, काका,’’ मीटरवाला पाना पुसत म्हणाला. ‘‘चाक मोठं घातलं, की मीटर कमी दावणारच. तवा बी अन् आता बी.’’

आबा जाऊन ट्रकमध्ये बसले. वडवणीच्या पुढं मोकळ्या रस्त्यावर भावानं काटा तीसवर धरला. तीसनं जाताना एका किलोमीटरला बरोबर दोन मिनिटं लागतात. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड आला तेव्हा आबांनी घड्याळ धरलं, पुढचा दगड आला तेव्हा पाहिलं. दोन मिनिटं. पुढच्या दगडाला पुन्हा दोन मिनिटं. मीटर खरं झालं होतं. भाऊ खूश होऊन स्टिअरिंगवर बोटं वाजवायला लागला.

‘‘त्या साली बी बीड जवळ आलंतं,’’ आबा म्हणाले.

आम्हाला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समोर रस्त्याकडे बघतच सांगितलं. पहिली मूर्ती आणायच्या आधी काही दिवस त्यांनी भंगारात निघालेल्या एका मोठ्या ट्रकची चाकं आपल्या ट्रकला घातली होती. कारण तेच, काळ्या रानातले बांध. तेव्हाही किलोमीटर कमी पडायला लागले होते, डिझेल जास्त, आणि त्यावरून ते पंपवाल्याशी भांडून आले होते. मग वाटलं, गाडी म्हातारी झाली. ‘‘मी काट्याकडंच बघत आलतो, नगरपासून,’’ ते म्हणाले. ‘‘तीसवरच व्हता. पण आक्का म्हणली तवा मलाच वाटाय लागलं, आपलीच नजर हालली आसंल. मंग मीच म्हणू लागलो, आपुन खोटं बोललो.’’

भावानं गाडी कडेला घेतली. मला इतका संताप आला, की कुणावर काढावा तेच कळेना. एका साध्या चाकानं माझ्या बापाला इतकी वर्षं खोटारडं करून ठेवलं होतं, आणि ते चाक सगळ्यांच्या डोळ्यांपुढं, पिंपळाखाली पुरलेलं होतं.

वस्तीत उतरले ती मी सरळ पिंपळाकडे गेले. आबांनी त्या ट्रकचे सगळेच टायर तिथं लावले होते, कंपनीचे मूळचेही आणि नंतरचेही. काही उंच होते, बाकीचे ठेंगणे. लहानपणी उंचावरून पळणाऱ्याला आम्ही शूर म्हणायचो, पण ते उंच का, हे कुणी विचारलं नव्हतं. मी टेप लावला, जमिनीपासून वर आणि पलीकडे जमिनीपर्यंत. मोठ्याचा नुसता दिसणारा भागच लहानापेक्षा वीतभर जास्त होता. आत्या काठी टेकत आली.

‘‘काय मोजायलीस गं?’’

मी सांगितलं. चांगल्या चढ्या आवाजात सांगितलं, सगळं, चाकाचं, केबलचं, काट्याचं. ‘‘काटा तीसवरच व्हता, आत्या. काट्यालाच ठाऊक नव्हतं की चाक बदललंय.’’ अजून बरंच बोलायचं मनात होतं, पण ती त्या उंच टायरवर हळूच बसली आणि तिनं त्याच्यावर हात ठेवला, त्यामुळे माझं तोंड बंद झालं.

खरं सांगायचं तर बोटं त्या चार-पाच किलोमीटरनं मोडली की गतिरोधकानं, की प्लास्टरच कच्चं होतं, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. पण आत्यानं त्या दिवशी बोटांचं विचारलंच नव्हतं. तिनं विचारलं होतं, कितीनं आणली.

मूर्ती आणायला आम्ही तिघं गेलो. मूर्तिकारानं तळाला वाळूची पोती, भोवती पेंढा आणि वर केलेल्या हाताला मऊ कापडाच्या घड्या लावून मूर्ती बसवली. भाऊ चढून स्टिअरिंगपाशी बसला. आबांनी त्याच्या बाजूचं दार उघडलं.

‘‘सरक,’’ ते म्हणाले.

नगरपासून घरापर्यंत आबांनी गाडी चालवली. आष्टी, जामखेड, सौताड्याचा घाट, पाटोदा. काटा तीसवर आला की तिथंच राहायचा, घाटात त्याच्याही खाली. मागं हॉर्नचा कालवा, मोटारसायकलवाले पुढं जाताना वळून वळून बघायचे. एरवी मी खिडकीतून दोन शब्द ऐकवले असते. त्या दिवशी मी त्या काट्याकडेच बघत बसले, आणि मला तो फार सुंदर वाटला. लिंबागणेशच्या अलीकडे तो गतिरोधक अजून आहे. आबांनी गाडी जवळजवळ थांबवली, पुढची चाकं चढवली, उतरवली, मग मागची. गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी वर झाली आणि खाली आली. आबांनी वळून मागच्या काचेतून पाहिलं. कापडात गुंडाळलेला हात आपल्या जागी होता. ते पुन्हा पुढं वळले आणि नाक शिंकरलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आम्ही वस्तीत पोचलो. बाया तशाच पांढऱ्या साड्या नेसून, हातात फुलं घेऊन उभ्या होत्या. पेंढा बाजूला झाला, हातावरच्या कापडाच्या घड्या सुटल्या. पाचही बोटं सरळ, उन्हात उभी. एक आवाज निघाला सगळ्यांच्या तोंडून, नुसता श्वासाचा. आबा खाली उतरून दाराशीच उभे राहिले होते, पुढं येत नव्हते. माणसं बाजूला करत आत्या त्यांच्यापाशी गेली.

‘‘कितीनं आणली रं?’’ तिनं विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आबांनी गाडीच्या दाराला हात टेकला. मग म्हणाले, ‘‘तीसनं, आक्का.’’

‘‘व्हय,’’ आत्या म्हणाली. तिनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि वळून वस्तीकडे बघितलं. ‘‘तवा बी तीसनंच आणलीतीस तू. चुकलं ते माझं.’’

आबा माझ्या आठवणीत पहिल्यांदा लोकांदेखत रडले. काही जणांनी तोंडं फिरवली, आणि गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

जुनी मूर्ती काढून टाकायची नाही, असं बायांनी आधीच ठरवलं होतं. नव्या विहारात ती दगडी मूर्तीच्या शेजारी, थोड्या खालच्या चौथऱ्यावर आहे. परवा वंदनेला मी आबांच्या शेजारी बसले होते. हात जोडलेले असतानाच मी तिरक्या नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर पायांवर नव्हती. ते जुन्या मूर्तीच्या वर केलेल्या हाताकडे पाहत होते, त्या जोडलेल्या तीन बोटांकडे.